जाड तारांचं विमान

मागच्या शनिवारी पाथरीला होतो. (नकाशा शोधणाऱ्या पुणेकरांसाठी: परभणी जिल्हा, तालुक्याचं गाव, माझं आजोळ. रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलं की सकाळच्या चहाला मामाच्या घरी.) सोबत बुटाच्या खोक्यात कापसात गुंडाळलेलं एक विमान होतं. टायगर मॉथ, पिवळं, बहात्तरास एक प्रमाणातलं. म्हणजे या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत १२४ मि.मी. तळहातावर मावतं.

माझी मामेबहीण तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत 'विज्ञान कोपरा' करायचा ठरला आणि तिने घरच्या घरी माझं नाव पुढे केलं. मीही खुश झालो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझी विमानं बघायला येणार कोण? धूळ आणि बायको. दोघींनाही त्यांचं कौतुक नाही.

मुख्याध्यापक सरांनी विमान हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

"सुंदर झालंय हो. पण याला तारा असतात ना पंखांच्या मधे? त्या कुठायत?"

"आहेत सर."

"दिसत नाहीत."

"उजेडाकडे धरा. दिसतील."

सरांनी धरलं. "हां, आहेत खऱ्या. पण असं करा, जरा जाड दोरा लावून द्या. पोरांना लांबून दिसलं पाहिजे ना."

मी "बघतो सर" म्हणालो. मराठीत याचा अर्थ 'नाही' असा होतो. :)

सरांवर माझा राग अजिबात नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही हातात धरलं होतं. राग आहे तो आमच्याच जमातीवर. गेली कित्येक वर्षं विमानांची मॉडेल्स करणारी जाणती मंडळी मला नेमकं हेच सांगत आली आहेत: "तार थोडी जाडच लाव, म्हणजे उठून दिसते." हा सल्ला चुकीचा आहे. थोडासा नाही, पार चुकीचा आहे. आज तेच सिद्ध करायला बसलोय. ज्यांना विमानात रस नाही त्यांनीही थांबायला हरकत नाही, कारण हा रोग विमानापुरता नाही.

*

आधी तारा कशासाठी, ते बघू.

लाकूड आणि कापड यांचं विमान करायचं तर एकच लांब पंख पुरेसा ताठ होत नाही. म्हणून दोन पंख एकावर एक ठेवायचे, मधे उभ्या दांड्या लावायच्या आणि कर्णावर तारा ताणायच्या. ही कल्पना विमानवाल्यांची नाहीच, पूल बांधणाऱ्यांची आहे. ऑक्टाव्ह शनूट हा रेल्वेपुलांचा इंजिनिअर. त्याने १८९६ च्या ग्लायडरला पुलाची कैचीच बसवली. पुढे राइट बंधूंचं १९०३ चं विमानही त्याच रचनेचं. चौकोन ढकलला तर तिरका होतो, कर्ण टाकला तर हलत नाही. आठवी-नववीचं गणित.

या तारा मुख्यतः दोन तऱ्हांच्या. विमान हवेत असताना पंख वर ओढले जातात, तेव्हा त्यांना खाली धरून ठेवणाऱ्या तारा धडाच्या खालच्या कडेपासून निघून वरच्या पंखाकडे, बाहेरच्या दिशेने जातात. जमिनीवर उभं असताना पंख स्वतःच्या वजनाने लोंबू पाहतात, तेव्हा त्यांना वर धरणाऱ्या तारा उलट्या दिशेने जातात, वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाच्या टोकाकडे. एकीला ताण आला की दुसरी निवांत. म्हणजे तारा ही शोभेची गोष्ट नाही. तार काढा, विमान दुमडेल.

आता तारेला ताकद पाहिजे म्हणून जाड करावी, तर हवा अडते. आणि गोल तार हवेला किती अडवते याचा आकडा ऐकून मी पहिल्यांदा दचकलो होतो. एक साधी गोल तार हवेला जेवढी अडवते, जवळपास तेवढाच अडथळा तिच्या दहापट जाडीच्या पण माशासारख्या निमुळत्या दांडीचा असतो. दहापट! म्हणून ब्रिटिशांच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत चपट्या तारा आल्या. काप घेतला तर मसुराच्या डाळीसारखा: समोरून बघितलं तर पात्याची धार, बाजूने बघितलं तर पट्टी. रुंदी जाडीच्या साधारण चौपट. जर्मन आणि फ्रेंच मंडळींनी बराच काळ पिळाची गोल केबलच वापरली. टायगर मॉथ ब्रिटिश, त्यामुळे त्याच्या तारा चपट्या.

म्हणजे बघा, त्या काळच्या इंजिनिअरांनी ही तार एकेक मिलिमीटर बारीक करण्यासाठी जीव टाकला. आणि आम्ही काय करतो? "उठून दिसत नाही" म्हणून ती पुन्हा जाड करतो.

*

माझं स्वतःचं पाप आधी कबूल करतो. माझं पहिलं द्विपंखी मॉडेलही टायगर मॉथच, बहात्तरास एकचंच. तारांसाठी मासे धरायचा तंगूस वापरला. पारदर्शक, गुळगुळीत, बाजारात मिळेल तो. पाव मि.मी. जाडीचा. पंखांना आरपार भोकं पाडली, तंगूस ओवला, मस्त ताणला, डिंक लावला. मित्र म्हणाले, वा! मी म्हणालो, वा!

पुढे कधीतरी एका रविवारी सहज गुणाकार केला. ०.२५ गुणिले ७२. उत्तर १८ मि.मी.

घराचं बांधकाम बघितलेल्यांना कळेल. कॉलमला सोळाची सळई वापरतात, तिच्याहून जाड. मी माझ्या विमानाला सळया बांधल्या होत्या! मूळ तार समोरून साधारण २ मि.मी. दिसत असेल, तर मी तिला नऊपट जाड केलं होतं. याच हिशेबाने वैमानिक केला असता तर पठ्ठ्या पन्नास फूट उंचीचा झाला असता. तो तसा केला असता तर सगळे हसले असते. तारेला कोणी हसलं नाही. का? कारण खरी तार किती जाड असते हे बघणाऱ्याला माहीतच नव्हतं. आणि हाच माझा मूळ मुद्दा आहे. बघणाऱ्याला माहीत नसतं, तिथेच करणाऱ्याची जबाबदारी जास्त असते.

वर आणखी एक झालं. ताणलेल्या तंगुसाने वर्षभरात वरचा पंख खाली ओढला. आज ते विमान पावसात भिजलेल्या कावळ्यासारखं दिसतं. ते मुद्दाम टेबलावर ठेवलंय.

*

आता समोरच्या पक्षाचा सगळ्यात दमदार युक्तिवाद घेऊ. तो असा: "प्रमाणात तार लावली तर ती डोळ्याला दिसणारच नाही. खऱ्या विमानाच्या तारा मात्र दिसतात. म्हणून खरेपणा राखायचा तर जाडी वाढवायलाच हवी."

ऐकायला बिनतोड. पण कागद-पेन्सिल घ्या.

मॉडेल आपण साधारण ३० सें.मी. वरून बघतो. बहात्तरास एक प्रमाणात ३० सें.मी. म्हणजे खऱ्या जगातले २१.६ मीटर. म्हणजे ३० सें.मी. वरून मॉडेल बघणं आणि २१.६ मीटरवरून खरं विमान बघणं, यात डोळ्यात पडणारा कोन अगदी तोच. तार ७२ पट बारीक, अंतरही ७२ पट कमी. भागाकारात दोन्ही ७२ उडून गेले. म्हणजे खरी तार २२ मीटरवरून दिसत असेल, तर प्रमाणातली तार ३० सें.मी. वरून दिसलीच पाहिजे. तेवढीच आणि तशीच. यात मत-बित काही नाही.

मग खरी तार २२ मीटरवरून दिसते का? विमान कशाला हवं, आमच्या शेतात या. पाथरी-मानवतच्या पट्ट्यात कापसाच्या रानावरून ११ केव्हीची लाइन जाते. खेड्यापाड्यांतल्या लाइनला 'वीझल' नावाची तार सर्रास वापरतात, जाडी ७.७७ मि.मी. टायगर मॉथची चपटी तार बाजूने साधारण ८ मि.मी. रुंद धरली, तर झाली की बरोबरी! बांधावर उभं राहून वीसबावीस मीटरवरून ती तार बघा. आभाळावर काळी रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. शंभर मीटरवरूनही दिसते.

"पण डोळ्याची मर्यादा एक मिनिट कोनाची असते" असं कोणीतरी म्हणणार, मला माहीत आहे. ती मर्यादा दोन ठिपके वेगवेगळे ओळखण्याची आहे. एकच लांब सरळ रेघ 'आहे की नाही' एवढं ओळखायला डोळा त्याच्या कित्येक पट तीक्ष्ण असतो. डोक्याचा एक केस उपटा, हात लांब करून खिडकीसमोर धरा. जाडी फार तर ०.०७ मि.मी., अंतर ६० सें.मी., कोन जेमतेम अर्ध्या मिनिटाहून कमी. दिसतो ना? झालं तर.

आता तीच वीझल तार लिंबाच्या झाडासमोरून जाते तिथे बघा. गायब! तार तीच, जाडी तीच, अंतर तेच. बदललं काय? मागचा पडदा. म्हणजे तार दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा जाडी नसतं, पार्श्वभूमी असते. शाळेत सरांनी विमान धरलं होतं पुस्तकांनी भरलेल्या कपाटासमोर. तिथे तार काय, मीही दिसलो नसतो.

*

बरं, मग नेमकी किती जाड तार लावायची? टीका करायची आणि उत्तर द्यायचं नाही, हे मला कोड रिव्ह्यूमध्येही आवडत नाही.

गोल केबल असलेलं विमान असेल तर सोपं. खऱ्या केबलची जाडी भागिले प्रमाण. ४ मि.मी. ची केबल असेल तर बहात्तरास एकमध्ये ०.०५६, अठ्ठेचाळीसास एकमध्ये ०.०८३, बत्तिसास एकमध्ये ०.१२५ मि.मी. विषय संपला.

चपटी तार असेल तर पेच. ८ मि.मी. रुंद, २ मि.मी. जाड. आपला दोरा गोल. कुठलं माप धरायचं? ८ धरलं तर समोरून चौपट जाड. २ धरलं तर बाजूने चौपट बारीक. मी भूमितीमध्य धरतो. ८ गुणिले २ म्हणजे १६, त्याचं वर्गमूळ ४. म्हणजे समोरून दुप्पट चूक, बाजूने दुप्पट चूक, कोणावरच जास्त अन्याय नाही. चौपट रुंदीच्या कुठल्याही चपट्या तारेला हा नियम एका वाक्यात सांगता येतो: रुंदीच्या निम्मी जाडी धरा. बत्तिसास एक किंवा त्याहून मोठ्या मॉडेलला मात्र सबब नाही. तिथे तार चेपून खरोखर चपटी करता येते.

आता ०.०५६ मि.मी. चा दोरा आणायचा कुठून? इथे माझे मामा येतात.

मामांचं पाथरीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, कूलर, पंखे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की जळक्या मोटारींची रांग लागते. लहानपणी सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. जळक्या वार्निशचा वास मला अजून सुट्टीचा वास वाटतो.

तांब्याच्या तारेचे नंबर पहिल्यांदा तिथेच शिकलो. ब्रिटिशांनी ठरवून दिलेलं एस.डब्ल्यू.जी. माप, नंबर वाढेल तशी तार बारीक. ४० नंबर म्हणजे ०.१२२ मि.मी., ४४ म्हणजे ०.०८१, ४६ म्हणजे ०.०६१. वरचे आकडे आठवा: ०.१२५, ०.०८३, ०.०५६. जणू कोणीतरी आमच्यासाठीच नंबर पाडून ठेवलेत! विहिरीच्या मोटारीला एवढी बारीक तार लागत नाही, पण जुन्या स्टॅबिलायझरमधल्या रिलेची कॉइल सोडवली की मिळते.

मी मायक्रोमीटर लावून मोजत बसलो होतो, तर मामा म्हणाले, "काय करायलास रे इतकी बारीक तार घेऊन? फुंकर मारली तर उडून जाईल की."

मी सगळा प्रकार सांगितला. सरांचं म्हणणंही सांगितलं. मामा हसले. म्हणाले, "गिऱ्हाईक बी हेच म्हणतंय मला. मामा, जरा जाड तार भरा, मोटार भक्कम होईल. अरे, खाच तेवढीच हाय. जाड तार घेतली तर वेढे कमी बसतेत. वेढे कमी झाले की मोटार करंट जास्ती ओढती आन जळती. जुनी तार मोजायची, तोच नंबर भरायचा. आपलं डोकं चालवायचं नसतंय तिथं."

एवढं बोलून मामा पुन्हा कामाला लागले. मी मात्र ते वाक्य पुण्याला घेऊन आलो. आमच्या ऑफिसात 'आपलं डोकं चालवायचं नसतंय तिथं' हे पोस्टर करून लावायला हवं.

*

दोन सूचना, स्वतः ठेचा खाल्ल्या म्हणून. एक: नंबर नुसत्या तांब्याचा असतो, वरचं इनॅमल वेगळं. ४६ नंबरची तार मी मोजली तर ०.०७ भरली, म्हणजे खऱ्या जगातले ५ मि.मी. चालेल. पण त्यावर ब्रशने रंग देऊ नका. रंगाचा एक हात दोन्ही बाजूंनी दोन-दोन शतांश मि.मी. चढवतो आणि ०.०७ चं ०.११ होतं. सगळी मेहनत रंगात! काळ्या मार्करने पुसटसा हात फिरवला की पुरे. दोन: तार ओवून ताणू नका. दोन काचांच्या मधे लाटून सरळ करा, डिव्हायडरने अंतर घ्या, तेवढाच तुकडा कापा आणि दोन्ही टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढा फेव्हिकॉल. पंखावर ताण शून्य. भिजलेला कावळा होत नाही.

तांबं नको असेल तर ताणला जाणारा लायक्राचा दोरा मिळतो, तो डेनिअरवर विकतात. डेनिअर म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. हिशेब केला तर ४० डेनिअर साधारण ०.०७ मि.मी., ७० डेनिअर ०.०९, ११० डेनिअर ०.११ च्या आसपास. धक्का लागला तरी तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यामुळे "बारीक तार टिकत नाही" हीही सबब गेली. शिवणाचा सुती दोरा मात्र नको. आमच्या भागात कापूस पिकतो म्हणून अभिमान असला तरी, त्याला लव असते. प्रमाणात ती लव म्हणजे तारेवर उगवलेलं गवत.

*

उरलेले आक्षेप पटापट.

"रंग नाही का आपण मुद्दाम फिके करत? मग तार जाड केली तर काय बिघडलं?" छोट्या मॉडेलवर रंग थोडे फिके करतात हे खरं. कारण लांबून बघताना मधल्या हवेमुळे खरे रंगही फिके दिसतात. म्हणजे तो बदल खऱ्या दृश्याच्या जवळ नेणारा आहे. लांब गेल्यावर तार मात्र बारीक होते, जाड होत नाही. म्हणजे हा बदल उलट्या दिशेचा. दोन्हींना एकाच पारड्यात घालू नका.

"मग तारा लावूच नये का, एवढं जमत नसेल तर?" हो. जाड तारेपेक्षा तार नसलेली परवडली. चिडू नका, ऐका. डेटाबेसमध्ये रिकामं फील्ड आणि चुकीची व्हॅल्यू यात जास्त धोकादायक काय? रिकामं फील्ड निदान सांगतं की 'मला माहीत नाही'. चुकीची व्हॅल्यू छातीठोकपणे खोटं सांगते आणि पुढची दहा रिपोर्ट्स बिघडवते. तार नसलेलं मॉडेल अपुरं असतं. सळया बांधलेलं मॉडेल खोटं असतं.

"हा छंद आहे यार, नोकरी नाही. मजा कर ना." मान्य. मजाच करतोय. पण खोक्यावर '१/७२' लिहिलंय, 'साधारण असंच काहीतरी' असं लिहिलेलं नाही. प्रमाण हा आपण आणि बघणारा यांच्यातला करार आहे. धडाला पाळायचा, पंखांना पाळायचा आणि तारेपाशी आलं की "दिसलं पाहिजे" म्हणून मोडायचा, हे मला जमत नाही.

आणि हे 'दिसलं पाहिजे' आपल्याला नवीन आहे का? आपण रोज तेच तर करतो. डेमोला डोलारा दाखवायचा, आतलं काम जेमतेम असलं तरी चालेल. रेझ्युमेवर दोन महिन्यांचा अनुभव जाड ठशात. अप्रेझलला छोट्या कामाची मोठी स्लाइड. जे बारीक आहे पण भार पेलतंय, ते कोणाला दिसत नाही. म्हणून आपण ते दिसेल इतकं जाड करतो आणि मग त्याचं मूळ काम काय होतं हेच विसरतो.

*

आता सरांचं काय झालं ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा पळाला.

रात्री जेवताना बहीण म्हणाली, "दादा, तुझं गणित बरोबर असेल. पण सरांचंही चुकलं नाही. वर्गात चाळीस पोरं. मागच्या बाकावरून कोणाला काय दिसणार?"

यावर मी गप्प झालो. कारण मुद्दा बरोबर होता. मॉडेलपासून दोन मीटरवर बसलेला पोरगा म्हणजे खऱ्या विमानापासून १४४ मीटरवर उभा असलेला माणूस. त्याला खऱ्याही तारा नीट दिसणार नाहीत. सरांना हवं होतं ते वेगळंच: पोरांना तारेचं काम समजावं. मी त्यांना माप सांगत होतो, ते मला शिकवण्याची अडचण सांगत होते.

पण याचं उत्तर जाड तार नाही. दाखवायचं असेल तर मोठं करा, नुसतं जाड करू नका. मोठं करताना सगळंच एका प्रमाणात वाढतं, खोटं काही होत नाही.

रविवारी सकाळी बहिणीच्या वर्गातली सातआठ पोरं बोलावली. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन लांब पंख कापले, मधे बांबूच्या काड्या उभ्या केल्या. नुसतं हाताने ढकललं तर सगळं एका बाजूला कललं, पत्त्यांच्या बंगल्यासारखं. मग कर्णावर साधा शिवणाचा दोरा बांधला, दोन्ही बाजूंनी. (इथे सुती दोरा चालतो, इथे प्रमाणाचा करार नाही.) आता ढकलून हलेना. पुस्तकं ठेवली, तरी उभं. मग एका पोराच्या हातात कात्री दिली आणि म्हटलं, एकच दोरा काप. त्याने कापला. धप्प!

पुढचे पाच मिनिटं नुसता दंगा. परत बांधा, परत कापा. त्यात एक नववीची मुलगी शांत बसून बघत होती. तिने विचारलं, "दादा, दोरा जाड घेतला असता तर जास्त वजन पेललं असतं ना? मग खऱ्या विमानात जाड का नाही लावत?"

याहून चांगला प्रश्न मला कुठल्याही इंटरव्ह्यूमध्ये कोणी विचारलेला नाही. मी तिला हवेच्या अडथळ्याचं सांगितलं, दहापटीचं सांगितलं, चपट्या तारेसाठी मसुराच्या डाळीचं उदाहरण दिलं. मग म्हटलं, आता ते छोटं विमान बघ. खिडकीच्या कडेला ठेवलं, मागे पांढरा कार्डशीट उभा केला. ती वाकली, नाक जवळजवळ पंखाला लावलं आणि म्हणाली, "हां... आहेत! इतक्या बारीक?"

हा जो 'इतक्या बारीक?' आहे ना, त्यासाठी मी ४६ नंबरची तार लावली होती. जाड तंगूस लावला असता तर ती म्हणाली असती, "दिसल्या" आणि पुढच्या कपाटाकडे गेली असती. आणि तिच्या डोक्यात कायमचं बसलं असतं की विमानं सळयांनी बांधलेली असतात.

पाथरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्याच राज्यात, हैदराबादच्या बेगमपेठला, दुसऱ्या महायुद्धात टायगर मॉथवर वैमानिक शिकवले जात. आपल्या हवाई दलाने जपून दुरुस्त केलेलं एक टायगर मॉथ २०१२ साली पुन्हा उडालंही. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, "त्याच्या तारा नव्या घातल्या का?" म्हटलं, बाळा, तुझ्या पायाचं दर्शन दे.

जाताना सर खिडकीपाशी आले. मागच्या पांढऱ्या कागदावर तारा दिसत होत्या, केसाएवढ्या, पण दिसत होत्या. सरांनी निरखून बघितलं. म्हणाले, "आता दिसतात खऱ्या. बरं झालं." मग दोन पावलं मागे गेले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "तरी थोड्या जाड असत्या तर..."

असो.

ता.क.: मेल करून नंबर विचारणाऱ्यांसाठी एकदाच. तार साधारण ४ मि.मी. ची धरून: बहात्तरास एक, ४६ नंबर. अठ्ठेचाळीसास एक, ४४ नंबर. बत्तिसास एक, ४० नंबर. एकच रीळ घेऊन सगळ्या विमानांना तेच वापरणं म्हणजे कॉन्स्टंट हार्डकोड करणं. आणि गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याशी ओळख करून घ्या. मोजल्याशिवाय तार न भरणारा माणूस शेजारी असलेला बरा.